गाडी उंच करण्याआधी खाली वाकून बघा

पावसाळा तोंडावर आला की फोर बाय फोरवाल्यांच्या (चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांच्या मालकांच्या) पत्रांचा सूर बदलतो. मायलेज, अ‍ॅक्सेसरीज मागे पडतात आणि सगळ्यांना गाडी उंच करायची, म्हणजे तिला ‘लिफ्ट’ टाकायची असते. या वेळची निवडक पत्रं त्याचीच.

प्रश्न : माझी २०२२ ची थार डिझेल आहे, टायर २४५/७५ आर१६. चिपळूणजवळ आमच्या बागेकडे जाणारी दीड किलोमीटरची वाट जांभ्याची आहे, त्यात डंपरनी खोल चाकोऱ्या पाडल्यात. गाडी खालून घासते. गॅरेजवाला चार इंची लिफ्ट टाकू म्हणतो. टाकू का?

घासते म्हणजे नेमकी कुठे? हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं उत्तर त्यातच आहे. पुढच्या खेपेला सोबतच्या माणसाला उतरवा, वाकून बघायला सांगा. किंवा घरी येऊन गाडीखाली शिरा, ताजे ओरखडे कुठे आहेत ते पाहा.

तुमच्या वर्णनावरून माझा संशय मागच्या डिफरेन्शियलच्या गोळ्यावर, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मध्ये असलेल्या गिअरच्या फुगीर डब्यावर आहे. डंपरची चाकं मोठी, त्यामुळे चाकोरी खोल आणि मधला उंचवटा तसाच उभा. तुमची चाकं चाकोरीत उतरली की गोळा त्या उंचवट्यावरून नांगरासारखा जातो. आता गंमत बघा. दोन्ही चाकं जोडणारा थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे. स्प्रिंग उंच केली की अ‍ॅक्सलच्या वरचं सगळं उचललं जातं, म्हणजे चेसिस, बॉडी, टाकी. अ‍ॅक्सल मात्र चाकांना बांधलेला, तो आहे तिथेच राहतो. चार इंच काय, फूटभर लिफ्ट टाकलीत तरी गोळा एक मिलिमीटर वर येणार नाही.

गोळा वर नेतो तो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच. तुमच्या टायरचा व्यास साधारण ७७४ मिमी. २६५/७५ आर१६ घेतला तर तो ८०४ होतो, म्हणजे गोळ्याला १५ मिमी मिळतात. ३३ इंची टायरने ३२ मिमी मिळतील, पण मग तो वळताना आतल्या प्लास्टिकला घासणार नाही ना हे बघावं लागतं, गाडी जड वाटते, आणि काटा ८० दाखवत असताना तुम्ही प्रत्यक्षात ८६-८७ ने जात असता.

ओरखडे जर चेसिसवर, ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) किंवा पायरीवर असतील तर गोष्ट वेगळी. तिथे लिफ्टचा खरा उपयोग आहे, पण दोन इंचांपर्यंतच. थारचं पुढचं सस्पेन्शन डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मवर वेगळं टांगलेलं. गाडी उचलली की आर्म खाली झुकतात, चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्या शाफ्टच्या सांध्याचं, सीव्ही जॉइंटचं, रबरी बूट ताणून फाटतं आणि त्यात जांभ्याची लाल माती शिरली की जॉइंटची कटकट सुरू. शिवाय वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आपल्या टोकाशी जाऊन बसतो. खड्ड्यात चाक खाली सोडायला जागाच उरत नाही. चार इंच नीट करायचे तर आर्म, शाफ्ट, बरंच काही बदलावं लागतं. तुमच्या गॅरेजवाल्याच्या बोलण्यात ते आलेलं दिसत नाही.

आणि एक फुकटचा उपाय. चाकोरीत उतरूच नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं चाकोरीबाहेरच्या कडेवर ठेवून चालवा. दीड किलोमीटरच तर आहे. जेसीबी गावात आलाच असेल तर तासाभरात तो उंचवटा खरवडूनही देईल. लिफ्टपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : काका, माझ्याकडे १९९८ ची जिप्सी आहे. साताऱ्यात एका फॅब्रिकेटरकडून पुढे-मागे चार इंच लांब शॅकल करून घेतले. गाडी उचलली दोनच इंच, आणि आता साठच्या पुढे स्टिअरिंग सारखं भिरभिरतं. फसवलं का मला?

उंचीच्या बाबतीत नाही. शॅकल, म्हणजे पाट्याला (पट्ट्यांच्या स्प्रिंगला) चेसिसशी जोडणारी झुलती कडी, पाट्याच्या एकाच टोकाला असतो, दुसरं टोक चेसिसला जखडलेलं. एक टोक चार इंच खाली गेलं तर मधोमध बसलेला अ‍ॅक्सल दोनच इंच खाली जातो. हिशोब बरोबर आहे, तो तुम्हाला आधी सांगायला हवा होता एवढंच.

भिरभिरणं मात्र त्याच शॅकलची देणगी. जिप्सीचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहेत. ते टोक खाली आलं की सगळा अ‍ॅक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) कमी होतो. सायकलचा हात सोडला तरी ती सरळ जाते ना, त्या करामतीत चिमट्याच्या मागे कललेल्या कोनाचा मोठा हात. तोच कोन तुमच्या गाडीत कमी झालाय. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पोलादी पाचर घालून कोन परत आणता येतो. पण त्याने पिनियनचं तोंड (प्रोपेलर शाफ्ट डिफरेन्शियलला जोडतो ती जागा) खाली वळतं, तेव्हा पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, ताण येतो का तेही तपासून घ्या.

माझं मत विचाराल तर ते शॅकल काढून टाका. लांब शॅकलवर गाडी आडवी डुलते, वळणावर जाणवते. पंचवीस वर्षांच्या गाडीचे पाटे एव्हाना बसलेले असणार. नवे, योग्य कमानीचे पाटे आणि त्या लांबीचे शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) घातलेत तर हरवलेली उंचीच परत मिळेल, आणि कदाचित तेवढ्यानेच भागेल. एक ताकीद : पुढच्या अ‍ॅक्सलवर उंचीसाठी ठोकळे कुणी सुचवले तर तिथून उठून या. ब्रेक मारताना ठोकळा पाट्यावरून सरकला तर स्टिअरिंग तुमच्या हातात राहत नाही.

प्रश्न : जुन्या थार सीआरडीईचा पुढचा टॉर्शन बार पिळून गाडी दीड इंच उचलली. पैसे लागले नाहीत. आता खड्ड्यात पुढून ‘ठक्’ आवाज येतो.

पैसे आता लागतील. टॉर्शन बार म्हणजे पिळाने स्प्रिंगचं काम करणारा दांडा. तो आणखी पिळल्याने सस्पेन्शनचा प्रवास वाढत नाही. खाली जायची जागा तुम्ही वर उभं राहण्यात खर्च केलीत. चाक खाली सुटलं की आर्म थांब्यावर आपटतो, तोच ठक्. अर्धा-पाऊण इंच ठेवा, बाकी परत सोडा, आणि अलाइनमेंट करून घ्या.

प्रश्न : दादा, मी आणि माझा धाकटा भाऊ जिम्नीला दोन इंची स्प्रिंग-शॉकअपचं किट घरीच बसवणार आहोत. टूलबॉक्स चांगला आहे, यूट्यूब भरपूर पाहिलंय. काय चुकू शकतं?

जिम्नी त्यासाठी बरी गाडी. पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. अ‍ॅक्सल पुरेसा खाली सोडला की स्प्रिंग हातात येते. (थारवाल्यांनी हे वाचून हुरूप आणू नये. तिथे पुढे शॉकअपभोवती दाबून बसवलेली स्प्रिंग असते, ती उसळली तर हात मोडते. ते काम गॅरेजचं.)

आधी मापं घ्या. जमिनीपासून नको, टायरची हवा फसवते. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही बाजू, वहीत लिहून ठेवा. वर्षभराने स्प्रिंगा किती बसल्या हे त्यावरूनच कळेल.

गाडी चेसिसखाली घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. शॉकअप सोडल्यावर अ‍ॅक्सल लोंबकळेल. त्याचं वजन ब्रेकच्या रबरी पाइपवर आणि एबीएसच्या वायरीवर येता कामा नये, त्यांचे क्लिप आधी मोकळे करा. लिफ्ट बसल्यावर अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडून पाइपला ढील उरते का ते बघा. नसेल तर लांब पाइप घ्या, तिथे काटकसर नको.

आता घरी काम करणारे हमखास करतात ती चूक. मीही केली होती, माझ्या पहिल्या जिप्सीवर. गाडी हवेत असतानाच बुशचे (सांध्यांतल्या रबरी नळ्यांचे) सगळे बोल्ट आवळून टाकले. रबरी बुश आवळलं की ते त्या स्थितीत घट्ट धरलं जातं. गाडी जमिनीवर आली की पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. माझी बुशं एका पावसाळ्यात चिरली आणि मी चार महिने कंपनीच्या रबराला शिव्या देत होतो. बोल्ट हातघट्ट ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे हलवा, बंपरवर दोघांनी बसून झोके द्या, आणि मग टॉर्क रेंचने आवळा.

खाली उतरवल्यावर दोन्ही बाजूंना टायर मडगार्डपासून किती बाहेर आहे ते मोजा. पॅनहार्ड रॉड हा आडवा दांडा एका बाजूला चेसिसला, दुसऱ्या बाजूला अ‍ॅक्सलला असतो. गाडी उचलली की तो अ‍ॅक्सलला एका अंगाला ओढतो. काही मिलिमीटर चालतात, जास्त असेल तर लांबी बदलता येणारा रॉड लावा. कॅस्टर इथेही घटतो. त्यासाठी वेगळी बुशं मिळतात, ती किटबरोबरच मागवा. नंतर हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर घाटात समोरचा ट्रकवाला तुमचा उद्धार करील.

किट निवडताना स्प्रिंग किती वजनासाठी आहे ते विचारा. विंच आणि लोखंडी बंपरसाठीची स्प्रिंग रिकाम्या जिम्नीला लावली तर दोनाचे तीन इंच होतात, आणि मणके मोजून घ्यावे लागतात. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत तपासा.

प्रश्न : फोंड्यात राहतो. लिफ्ट केलेली गाडी आरटीओने पकडली तर काय? इथे तर कितीतरी फिरतात.

फिरतात म्हणून चालतात असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त वाटते. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून अपघातानंतरचा दावा अडू शकतो. म्हणून काही करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ स्प्रिंगा भंगारात घालू नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा.