लिनक्सवर यूएसबी डोंगल सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो, नेट लागत नाही, काय करू?
डोंगल बिघडलेला नाहीये, स्टोरेज मोडमध्ये अडकलाय, यूएसबी मोडस्विच पॅकेज टाका आणि डोंगल काढून परत लावा. असले डोंगल आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात कारण आत विंडोजचे ड्रायव्हर भरलेले असतात, मोडस्विच त्याला एक मेसेज पाठवतं की मग तो मॉडेम होतो. आधी आणि नंतर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) चालवून बघा, डोंगलचा आयडी बदलला म्हणजे जमलं (ह्युआवेच्या बऱ्याच डोंगलमध्ये 1446 चा 1001 होतो). मग नेटवर्क मॅनेजरमध्ये मोबाइल ब्रॉडबँड कनेक्शन बनवून एपीएन (सिम कंपनीच्या नेटसाठीचं नाव) नीट टाका, तो चुकला तर सिग्नल फुल्ल असूनही नेट चालत नाही. फक्त हायलिंकवाला (ह्युआवेचा, स्वतःच छोट्या राउटरसारखा चालणारा) डोंगल असेल तर तो नेटवर्क कार्डासारखा दिसतो, त्याचं सेटिंग ब्राउझरमध्ये, बहुतेक 192.168.8.1 वर.