बेरीज सोडा, ओळी वाचा

बारावीचा निकाल लागला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, एवढ्या टक्क्यांत कुठलं कॉलेज मिळेल?" त्यामागची धाकधूक मला कळते. पण मधल्या गुणांच्या मुलांना घ्यायला कॉलेजं पुष्कळ तयार असतात. त्या मुलाला झेपेल आणि आवडेल असं कॉलेज मात्र शोधावं लागतं.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. विज्ञान शाखा, 60 टक्क्यांच्या आसपास. बाबांनी गोव्याबाहेरचं एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज जवळजवळ ठरवलं होतं. "सीट पक्की आहे, दोन दिवसांत टोकन भरा," असं एजंटाने सांगितलेलं. आई म्हणाली, "बाय काही बोलत नाही, म्हणजे तिलाही चालतंय."

मी गुणपत्रिका मागून घेतली. गणित 39, भौतिकशास्त्र 45, रसायनशास्त्र 57. जीवशास्त्र 72, इंग्रजी 74, मराठी 77. घरात सगळे ज्या 60 वर अडून बसले होते, तो आकडा या सहांपैकी एकाही विषयाचा नव्हता.

इंजिनिअरिंगच्या पदवीला खुल्या गटातून तीन विषयांत मिळून किमान 45 टक्के लागतात. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून तिचे 47 होत होते. म्हणजे प्रवेश खरंच मिळाला असता. पण पहिल्याच सत्रात तिला गणित आणि भौतिकशास्त्रच समोर आलं असतं, तेही घरापासून लांब, हॉस्टेलवर. नापास झालेले विषय साठत गेले आणि दुसऱ्या वर्षी मूल घरी परतलं, असं मी पाहिलं आहे. तेव्हा पैशांपेक्षा मुलाच्या मनाचं जे होतं ते भरून काढायला फार वेळ लागतो.

मग मी तिच्याशी एकटीशी बोलले. सुरुवातीला मान खाली. कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, विषय निघाला आणि ती बोलायला लागली. पावसात पोफळींवर कोळेरोग आला की गळलेल्या सुपाऱ्या कापून आतून काय झालंय ते ती बघायची. जीवशास्त्राची जर्नल तिने जपून ठेवली होती. इंजिनिअरिंग नको, हे ती घरी बोलली नव्हती, कारण बाबांनी पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती.

बाबांचा प्रश्न रास्त होता, "बीएस्सी करून पुढे काय?" मी त्यांना वेर्ण्याच्या औषध कंपन्यांमधल्या तपासणी प्रयोगशाळांबद्दल सांगितलं, बीएडबद्दल सांगितलं, ताळगावला गोवा विद्यापीठात एमएस्सी करता येते हेही सांगितलं. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत 2023-24 पासून नवं शैक्षणिक धोरण आलं आहे. मुख्य विषयाबरोबर दुसरा विषय घेता येतो, तीन वर्षांनी पदवी मिळते, हवं तर चौथं वर्ष करून ऑनर्स. पैशांची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे, तिचे निकष आधी वाचून घ्या, असंही म्हटलं.

अर्ज तीन ठिकाणी केले: खांडोळ्याचं सरकारी महाविद्यालय, मिरामारचं धेंपे, आणि सुळकर्ण्याचं डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय. कृषीला स्पर्धा जास्त असते, तरी तो अर्ज मी आग्रहाने भरायला लावला. मधल्या गुणांच्या मुलांनी आपणच आपलं दार लावून घेऊ नये.

बाप-लेकीला मी एक काम दिलं होतं. तास चालू असतील अशा दिवशी कॉलेजात जा, प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा, आणि शेवटच्या वर्षातल्या मुलांना विचारा की शिक्षक नेमाने येतात का आणि नापास झालेल्यांकडे कोण लक्ष देतं. येताना बसने या, म्हणजे रोजचा वेळ कळेल. माहितीपत्रक चकचकीत असलं तरी त्यात यातलं काही लिहिलेलं नसतं. टोकनचे पैसे मागणाऱ्या कुणालाही, कॉलेजची मान्यता आणि फी परत मिळण्याचे नियम लेखी हातात येईपर्यंत, एक रुपया देऊ नका.

कृषीला तिचा नंबर लागला नाही. खांडोळ्याला तिने वनस्पतिशास्त्र घेतलं. पहिल्या सत्रात रसायनशास्त्र राहिलं, ते पुढच्या परीक्षेत सुटलं. या वर्षी बाबा धाकट्याला घेऊन आले, तो अजून दहावीतच आहे. त्यांनी बसता बसता त्याची प्रत्येक विषयाच्या गुणांची वही माझ्यासमोर ठेवली.