वडिलांना घशाचा कॅन्सर आहे. सीटीमध्ये मानेत गाठ नाही, तरी डॉक्टर मानेचं ऑपरेशन का सांगतात? करावं का?

करा. मानेत सगळ्यांनाच लहान लसगाठी असतात, सीटीत कळते ती त्यातली वाढलेली गाठ. नेहमीच्याच आकाराच्या गाठीत दोन-तीन मिलिमीटरचा कॅन्सर बसला असेल, तर सीटीला कळत नाही, पेट स्कॅनलाही बरेचदा नाही.

आमच्या बाबांचं हेच झालं. वणी तालुक्यात आमची कपाशीची शेती. बाबांना तंबाखूचा खर्राही लागायचा आणि बिडीही. स्वरयंत्राच्या वरच्या भागात कॅन्सर निघाला. मान चाचपली, सीटी केला, सगळं साफ. तरी नागपूरचे सर्जन म्हणाले, घशासोबत दोन्ही बाजूंच्या गाठी काढू. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, वॉर्डाबाहेर माझ्यावरच बिघडले. "गाठच नाई तं मान कायले कापून रायले? योजनेचा पैसा काढाचा हाय त्यायले!" सोबतच्या सगळ्यांना ते पटलं. बाबांनी मला विचारलं, मी हो म्हटलं आणि सही केली.

रिपोर्ट आला तेव्हा उजवीकडच्या दोन गाठींत कॅन्सर होता. हाताला लागल्या नव्हत्या, सीटीत दिसल्या नव्हत्या. त्यावरून पुढे शेक (रेडिएशन) द्यायचं ठरलं.

तरी घरात विषय संपला नाही. बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, फवारणीचा पंप पाठीवर चढत नाही, आणि मोठेबाबा चारचौघांत ऐकवतात, "पोरानं बापाचा खांदा घालवला." बाबा आज धुऱ्यावर उभे राहून बसक्या आवाजात मजुरांना हाका मारतात, ते कोणी मोजत नाही.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा ५०० रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. मानेच्या गाठी आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ आली की काढू म्हणून थांबलेल्यांत ६७.५ टक्के. हे आकडे मी मोठेबाबांपुढे ठेवले. ते उठून गेले.

हो, तो अभ्यास तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचा होता, घशाचा नाही. घशातही जागेप्रमाणे फरक पडतो. स्वरतंतूवरचा लहान कॅन्सर क्वचितच गाठींत जातो, तिथे मानेला हात लावत नाहीत. त्याच्या वरच्या भागात लसवाहिन्यांचं जाळं दाट, त्यामुळे साफ दिसणाऱ्या मानेतही शंभरात २० ते ३० जणांना लपलेला कॅन्सर निघतो. आणि ऑपरेशनऐवजी शेकच देणार असतील, तर बहुतेक वेळा मानही त्यातच घेतात. म्हणून नेमका भाग कोणता, ते आधी विचारा.

खांद्याची नस वाचवणार का, हेही विचारा. वाचवली तरी ती हाताळली जाते आणि खांदा ढिला पडू शकतो. डॉक्टर म्हणतील तेव्हापासून व्यायाम सुरू करा, कंटाळा करू देऊ नका. बाबांना फिजिओथेरपीवाल्या ताईंनी व्यायाम शिकवले होते. "जखम ओली हाय, हात हालवू नोको" म्हणून ते बंद पाडले, तेही मोठेबाबांनीच.