सहावा महिना चालू असताना जर्मनीला यावं का, आणि तिकडचे डॉक्टर आपलं ऐकतात का

अगं, वाचला तुझा प्रश्न. सहावा चालू आहे, नवऱ्याला श्टुटगार्टला जॉब लागलाय, आई म्हणतीय पहिलं बाळंतपण माहेरीच म्हणजे जुळे सोलापुरातच व्हायला पाहिजे, आणि तुला सोबत जायचंय पण शेवटच्या महिन्यांचं चेकअप तिकडं कसं असतं नि डॉक्टर आपलं ऐकतात का याची धास्ती आहे. मी पण सोलापूरचीच, माझं पहिलं इथं जर्मनीतच झालं, त्यामुळं जरा सविस्तर सांगते.

ऐकतात का हा प्रश्नच इथं येत नाही, इथं तेच तुला विचारत बसतात आणि तुझ्याकडं उत्तर नसलं की खरी पंचाईत. आपल्याकडं कसं, मॅडम ठरवतात, आपण मान हलवायची, नवरा बाहेर बाकड्यावर. इथं नवरा डिलिव्हरी रूममध्ये तुझ्या उशाशी असतो, त्याला पण तयार करून आण.

चेकअपचं विशेष काही नाही. ३२ आठवड्यांनंतर दर दोन आठवड्यांनी बोलावतात, लघवी, बीपी, वजन, एचबी, बाळाचं डोकं खाली आलंय का ते पोट चाचपून बघतात, आणि पोटाला पट्टे बांधून सीटीजी, अर्धा तास पडून बाळाचे ठोके ऐकायचे. सगळं मुटरपास नावाच्या वहीत लिहितात, ती कायम पर्समध्ये ठेवायची. सोनोग्राफी मात्र सगळं नॉर्मल असेल तर सरकारी विम्यात फक्त तीन, जादा हौसेची असेल तर पैसे भर. आणि हो, मुलगा की मुलगी हे इथले डॉक्टर बोलता बोलता सांगून टाकतात, आपल्याकडं १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे ना, त्यामुळं सवय नसते, नको असेल कळायला तर आधीच सांग.

मुख्य फरक हा की जी डॉक्टर नऊ महिने तपासते ती बहुतेक वेळा डिलिव्हरीला नसतेच. हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर जी हेबामे म्हणजे शिकलेली सुईण आणि डॉक्टर असतील त्यांच्या हातात तू. म्हणून ३० ते ३६ आठवड्यांच्या मधे हॉस्पिटलमध्ये नाव नोंदवायला जातो तेव्हा जे बोलणं होतं ते फार महत्त्वाचं, ते कागदावर उतरतं आणि त्या दिवशी जो कोणी असेल तो ते वाचतो. मला विचारलं, पीडीए हवं का (आपलं एपिड्युरल, पाठीतलं इंजेक्शन), टबमध्ये पाण्यात चालेल का, उभं राहून कळा काढणार का, खाली कट द्यायची वेळ आली तर काय, नाळ लगेच कापायची की थांबून, कोण कापणार. आमच्याकडं हे डॉक्टरच बघतात म्हटल्यावर विचारणारी बाई म्हणाली, बरं, मग मी काय काय करेन ते सांगत जाते, जिथं नको वाटेल तिथं मला अडवा. मी दोन ठिकाणी अडवलं. पीडीए मागितलं तर उशीर करू नका, आणि कट अगदी गरज असेल तरच. तेवढंच लिहिलं, पुरलं.

पीडीए घेणार नसलीस तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलून फॉर्मवर सही करून ठेव, ऐन कळांमध्ये जर्मन फॉर्म वाचणार आहेस का? इंग्रजी फॉर्म मागितला तर बऱ्याचदा मिळतो.

आता सिझरचं. इथं पण साधारण तीनातलं एक सिझरच होतं, त्यामुळं जर्मनीत सगळं नॅचरलच असतं हे खोटं. पण कारण नसताना मागितलं तर आधी बराच वेळ समजावतात, सगळी हॉस्पिटलं करत पण नाहीत, आणि मुहूर्त बघून सिझर हे तर इथं डोक्यातून काढूनच टाक. तारीख उलटली तरी लगेच घाई करत नाहीत, दर दोन दिवसांनी सीटीजीला बोलावतात आणि ४१ आठवडे झाले की कळा आणायच्या औषधाचं विचारतात. आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर ती रोज फोनवर रडेल.

नंतरचं म्हणशील तर हॉस्पिटलमध्ये रात्रीच्या जेवणाला गार ब्रेड आणि चीज देतात, बाळंतिणीला! मी शेंगाचटणी नेलेली. मालिश, शेकशेगडी विसर, पण हेबामे घरी येते, पहिले दहा दिवस रोज सुद्धा, टाके बघते, दूध पाजायला शिकवते, आणि पैसे विमा देतो. ती मात्र लवकर शोधावी लागते, तू सोलापुरातूनच आजपासून मेल टाकायला लाग, सातव्यात शोधायला लागलीस तर अवघड आहे.

आता यायचं की नाही. नवऱ्याचा विमा सरकारी असेल तर तुला त्यातच घेतात, पोटात बाळ असलं तरी अडत नाही. प्रायव्हेट असेल तर आधी नीट विचारा, प्रेग्नन्सीत नवीन पॉलिसी अवघड जाते, आणि व्हिसासाठी काढलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्सवर तर बाळंतपणाचा भरवसा ठेवूच नको. विमानाला २८ आठवड्यांनंतर बहुतेक डॉक्टरांचं पत्र मागतात, ३६ नंतर घेत नाहीत. माझं मत, ३० आठवड्यांच्या आत पोचत असशील तर ये. त्याच्या पुढं व्हिसा लांबला तर सिद्धेश्वर एक्सप्रेसची रात्र, मग मुंबई, मग तेवढं विमान, सुजलेले पाय घेऊन, आणि इथं आल्या आल्या हॉस्पिटल शोधा, नको बाई. आईकडं बाळंत हो, बाळाचा पासपोर्ट-व्हिसा करून तीन-चार महिन्यांनी ये.

येणार असशील तर सगळे रिपोर्ट, ब्लड ग्रुप, शुगर, एचआयव्ही, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी हातातल्या बॅगेत ठेव. महापालिकेतून दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला काढा, नावांचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच पाहिजे, नाहीतर बाळाचा दाखला इथं अडकतो. जन्माची नोंद आठवड्यात करावी लागते पण नाव महिनाभरात सांगितलं तरी चालतं, म्हणजे बाराव्याला बारसं आरामात. आणि बीसीजीची लस इथं जन्मल्यावर देत नाहीत, सोलापूरला पहिल्यांदा याल तेव्हा बाळाच्या डॉक्टरांना विचारा.

आठवडा नेमका कितवा आणि विमा कोणता एवढं कळव, हेबामेला मेल कसा लिहायचा ते पाठवते.