लठ्ठपणाचा आणि कॅन्सरचा खरंच संबंध असतो का?

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या काकूंना गर्भाच्या पिशवीचा कॅन्सर निघाला आणि त्यात वजनाचाही हात आहे असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या आईंचं वजनही जास्त आहे, पाळी जाऊन बरीच वर्षं झालीत. म्हणून तुम्ही विचारताय, हे खरं आहे की डॉक्टर सगळंच वजनावर ढकलतात?

खरं आहे. मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे, तपासायला काढलेले तुकडे माझ्याकडे येतात, आणि पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरइतका वजनाशी घट्ट जोडलेला कॅन्सर दुसरा नाही. आधी एक खुलासा. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा. तो मुख्यतः एचपीव्ही विषाणूमुळे होतो. इथे बोलतेय ते आतल्या अस्तराबद्दल.

चरबी म्हणजे नुसता साठा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती हार्मोन्स बनवते. पाळी गेली की अंडाशयांतून इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन येणं जवळजवळ थांबतं, पण चरबीत अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणाऱ्या हार्मोन्सपासून ते इस्ट्रोजेन तयार करतं. चरबी जास्त, तर इस्ट्रोजेन जास्त. पाळी चालू असताना दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन या इस्ट्रोजेनला आवर घालतं. पाळी गेल्यावर तो आवर उरत नाही आणि अस्तर वाढतच राहतं. आधी नुसतं जाड होतं, मग पेशींचा आकार बिघडू लागतो, आणि काही जणींमध्ये पुढे कॅन्सर होतो. पाळी गेल्यानंतरच्या स्तनाच्या कॅन्सरमागेही पुष्कळदा हेच इस्ट्रोजेन असतं.

दुसरी वाट इन्सुलिनची. पोटाच्या आत चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त जास्त तयार होतं. इन्सुलिन साखर तर हाताळतंच, शिवाय पेशींना वाढायलाही सांगतं.

तिसरी गोष्ट मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते. लठ्ठ व्यक्तीच्या स्तनातल्या चरबीची स्लाइड घेतली, तर मोठाल्या रिकाम्या दिसणाऱ्या चरबीपेशींमध्ये एखादी मरणारी पेशी सापडते आणि तिच्याभोवती संरक्षक पेशींनी मुकुटासारखं कडं केलेलं असतं. ही सूज बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, पण वर्षानुवर्षं धुमसत राहते आणि आजूबाजूच्या पेशींना बिघडायला पोषक वातावरण देते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 मध्ये जादा चरबीशी जोडलेले 13 कॅन्सर नोंदवले. त्यात मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, किडनीही आहेत. वजन जास्त म्हणजे कॅन्सर होणारच, असा याचा अर्थ नाही. बहुतेकांना होत नाही. शक्यता वाढते, एवढंच.

झालेला कॅन्सर पसरण्यातही चरबीचा हात असतो. अंडाशयाचा कॅन्सर पोटातल्या ओमेंटमवर, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर, हटकून जातो. ऑपरेशननंतर तो पडदा फॉर्मलिनच्या डब्यात माझ्याकडे येतो. एरवी मऊ, पिवळा आणि लोंबता असणारा हा पडदा अशा वेळी कडक, पांढुरका, वडीसारखा घट्ट झालेला असतो. कॅन्सरच्या पेशी तिथल्या चरबीतून थेट इंधन घेतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

'आम्ही काही तेवढे जाड नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. सारख्याच बीएमआयला आपल्यात चरबी जास्त असते, म्हणून आपल्याकडे बीएमआय 25 झाला की लठ्ठपणा धरतात. टेपने कंबरही मोजा. बायकांसाठी 80 सेंटिमीटर, पुरुषांसाठी 90 ही मर्यादा.

आईंना उपाशी ठेवू नका. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी साठीच्या पुढच्या कितीतरी बायका चालताना दिसतात, तिथे त्यांच्यासोबत जा. घाम येईल इतपत चाला. चालण्याने वजन फार उतरलं नाही तरी इन्सुलिन सुधारतं. काकूंना मात्र उपचार चालू असताना वजन उतरवण्याचे सल्ले कुणी देऊ नयेत. ते त्यांच्या डॉक्टरांवर सोडा.

आणि आईंना आजच विचारा, पाळी गेल्यावर कधी अंगावरून लाल गेलं का? एकदाच, थेंबभर का असेना. बायका हे लपवतात, 'उष्णतेने झालं असेल' म्हणून सोडून देतात, आणि माझ्याकडे तुकडा येईपर्यंत वर्ष उलटलेलं असतं. उत्तर 'हो' असेल तर या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. सोनोग्राफीत अस्तराची जाडी कळते. ती 4 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तुकडा तपासायला पाठवतात. लवकर सापडलेला हा कॅन्सर बहुतेकींचा ऑपरेशनने पूर्ण बरा होतो.