हायब्रीड गाडीतील जागा आणि बैठक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्यांना महिन्यातून एकदा अक्कलकोटला आणि अधूनमधून पंढरपूरला न्यावे लागते. होंडा सिटी हायब्रीड घ्यावी की मारुती ग्रँड व्हिटारा हायब्रीड? दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) सारखाच असल्याने मागची जागाही सारखीच, असे विक्रेत्याने सांगितले.

उत्तर : व्हीलबेस सारखा आहे, हे खरे, दोन्ही गाड्यांचा तो 2600 मिलिमीटर आहे. त्यावरून मागची बैठक सारखी ठरत नाही. सिटीमध्ये आसन खाली असते आणि पाय पुढे पसरून बसावे लागते, त्यामुळे पायांना जागा भरपूर मिळते. ग्रँड व्हिटारात आसन उंच असल्याने माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न चढण्या-उतरण्याचा आहे. माझ्या आईला बुटक्या गाडीतून सिद्धेश्वर मंदिरापाशी उतरताना मी अनेकदा पाहिले आहे. एक पाय बाहेर टेकायचा, एका हाताने दाराची चौकट धरायची, दुसऱ्या हाताने लुगड्याचा काठ सावरायचा आणि मग सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर घेऊन उठायचे. आसनाची कड गुडघ्याच्या थोडी वर येत असेल, तर आधी आसनावर टेकून नंतर पाय आत घेता येतात आणि गुडघा फारसा वाकत नाही. म्हणून तुमच्यासाठी मी उंच गाडीच सुचवेन. सासूबाईंना शोरूममध्ये सोबत न्या आणि तीन-चार वेळा चढ-उतार करून पाहायला सांगा. त्या बसल्यावर मांडीखाली तळहात सरकवून बघा. मांडीचा पुढचा अर्धा भाग अधांतरी राहत असेल, तर पंढरपूरपर्यंतच्या सत्तरएक किलोमीटरांत सगळा भार कमरेवर येईल.

प्रश्न : माझा चादरी आणि टॉवेलचा व्यापार आहे. नमुन्यांचे गठ्ठे घेऊन लातूर, धाराशिव, विजयपूर असा फिरतो. हायब्रीडची डिकी लहान असते, हे खरे का?

उत्तर : स्ट्राँग हायब्रीडच्या, म्हणजे इंजिन बंद ठेवून काही अंतर नुसत्या विजेवर जाऊ शकणाऱ्या गाडीच्या, बाबतीत बहुतांशी खरे आहे आणि त्याचे कारण बॅटरी. ग्रँड व्हिटाराच्या माइल्ड हायब्रीड प्रकारात (यात वीज इंजिनाला फक्त थोडी मदत करते) डिकी 373 लिटर आहे, तर स्ट्राँग हायब्रीडमध्ये बॅटरी डिकीच्या तळाखाली बसवल्याने ती 265 लिटरवर येते. सिटीच्या पेट्रोल गाडीत 506 लिटर आहेत, हायब्रीडमध्ये 306. लिटरच्या आकड्यापेक्षाही तुम्हाला अडचण होईल ती तळाच्या उंचीची. चादरींचा गठ्ठा धान्यासारखा कोपऱ्यांत सरकून बसत नाही. तो चौकोनीच राहतो आणि तळ चार बोटे वर आला, की दोनावर तिसरा गठ्ठा मावत नाही. शिवाय मागचे आसन पाडले तरी डिकीचा तळ आणि आसनाची पाठ यांत पायरी राहू शकते, आणि लांब गठ्ठा तिथे तिरपा होतो. तेव्हा आकडे बाजूला ठेवा आणि नेहमीच्या मापाचे दोन गठ्ठे शोरूममध्ये नेऊन प्रत्यक्ष ठेवून पाहा. यात संकोच करण्यासारखे काही नाही. रोजचा माल हेच मुख्य काम असेल, तर माइल्ड हायब्रीड तुम्हाला अधिक उपयोगी पडेल, कारण तिची लहान बॅटरी डिकीतील जागा घेत नाही. त्याची किंमत इंधनात मोजावी लागते, हेही सांगायला हवे : कंपनीच्या दाव्यानुसार ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रीड लिटरमागे 27.97 किलोमीटर जाते, तर मॅन्युअल गिअरची माइल्ड हायब्रीड 21.11.

प्रश्न : मी सहा फूट उंच आहे आणि दर आठवड्याला स्वतः गाडी चालवत पुण्याला जातो. इंदापूर आले की कंबर धरते. कोणत्या हायब्रीडचे चालकाचे आसन चांगले?

उत्तर : एका गाडीचे नाव सांगणे बरोबर होणार नाही, कारण मांडीची लांबी आणि पाठीचा बाक प्रत्येकाचा वेगळा असतो. तपासायचे कसे, ते सांगतो. छतावर मोठी काच असलेली गाडी पाहत असाल, तर आधी डोक्यावरची जागा बघा. अशा छतामुळे ती बऱ्याचदा थोडी कमी होते आणि तुमच्या उंचीला तेवढेही जाणवते. त्यानंतर पाठ पूर्ण टेकवून ब्रेक शेवटपर्यंत दाबा. तरीही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकले पाहिजे आणि त्यासाठी खांदे पुढे यायला नकोत. स्टीअरिंग वर-खाली होतेच, पण पुढे-मागेही होते का, हे उंच माणसाने विचारलेच पाहिजे. एवढे करूनही कंबर धरत असेल, तर आपल्याच गावचा एक टर्किश टॉवेल घट्ट गुंडाळून कमरेच्या खोलगट भागात ठेवा आणि एक फेरी करून पाहा. मी स्वतः हे करतो. तरीही अडीचशे किलोमीटर एका दमात जाऊ नका. टेंभुर्णीला आणि पुढे भिगवणला उतरून पाच मिनिटे चालाच.

प्रश्न : घरात सात माणसे आहेत. इनोव्हा क्रिस्टा चांगली की हायक्रॉस हायब्रीड?

उत्तर : जागेच्या दृष्टीने हायक्रॉस. तिचा व्हीलबेस 2850 मिलिमीटर आहे, क्रिस्टाचा 2750. आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असल्याने मागच्या चाकांकडे जाणारा दांडा मधून जात नाही, त्यामुळे मधल्या माणसाला पाय ठेवायला सपाट जागा मिळते. पाय वर घेऊन आरामात रेलता येईल अशी मधली आसने वरच्या प्रकारात मिळतात. मात्र त्यांवर रेलले, की तिसऱ्या रांगेतल्यांचे गुडघे आवळतात. सातही जणांना एकाच वेळी बसवून पाहा, आणि ते बसलेले असतानाच डिकी उघडून तुळजापूरच्या मुक्कामाच्या पिशव्या कुठे जातील ते बघा.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत सात रस्त्याला सिग्नलवर इंजिन बंद झाले, तर एसी बंद पडतो का? आणि आसनावर चादर अंथरली तर चालेल का?

उत्तर : स्ट्राँग हायब्रीडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन थांबले तरी गार हवा येत राहते. माइल्ड हायब्रीडमध्ये तो सहसा इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन थांबले, की पंखा तेवढा फिरतो आणि बेचाळीस अंशांत हा फरक मिनिटाभरात कळतो. चादर बैठकीवर अंथरायला हरकत नाही, सुती कापड घामही टिपते. पण पुढच्या आसनांच्या बाजूंना एअरबॅग असतात, तिथे चादर खोचू नका किंवा आवळून बांधू नका. आसनातून हवा खेळवण्याची सोय घेतली असेल, तर वर चादर घातल्याने तिचा उपयोग उरत नाही. काही हायब्रीड गाड्यांत मागच्या आसनाजवळ बॅटरी गार ठेवण्यासाठी हवा आत घेणारी जाळी असते. ती कापडाने किंवा पिशवीने झाकली गेली, तर बॅटरी तापते. गाडी ताब्यात घेतानाच ही जाळी कुठे आहे ते विचारून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.