वाचकांचे प्रश्न : करसल्लागाराच्या कार्यालयासाठी नॅस

प्रश्न : सांगलीत आमचे करसल्ल्याचे कार्यालय असून आठ संगणकांवर काम चालते. टॅलीचे बॅकअप, विवरणपत्रे आणि अशिलांची स्कॅन केलेली कागदपत्रे अशी सुमारे ६०० जीबी माहिती एकाच संगणकावरील शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहे. विक्रेता चार डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सर्व संगणकांना वापरता येणारी साठवणुकीची पेटी) सुचवतो आणि त्यात ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याची पद्धत) असल्याने वेगळ्या बॅकअपची गरज नाही, असे सांगतो. काय घ्यावे?

उत्तर : बॅकअपची गरज नाही, हे विक्रेत्याचे म्हणणे आपण कृपया मान्य करू नये. रेडमुळे एखादी डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही, एवढेच. कोणाकडून अशिलाचे फोल्डर चुकून डिलीट झाले किंवा रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फायली अडवणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) फायली कुलूपबंद केल्या, तर तो बदल त्याच क्षणी सर्व डिस्कवर उमटतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्याच शहरातील दुकाने-कार्यालये कित्येक दिवस पाण्याखाली होती. तशा वेळी एका पेटीत दोन डिस्क असोत की चार, सगळ्या एकदमच जातात.

म्हणून दोन डिस्कचे यंत्र घ्यावे आणि वाचलेल्या पैशांत दुसऱ्या प्रतीची सोय करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ४ टीबीच्या दोन डिस्क ‘रेड १’ पद्धतीने जोडल्या, तर दोन्हींवर एकच मजकूर राहतो आणि वापरायला ४ टीबी जागा मिळते. आपल्याला ती काही वर्षे सहज पुरेल. यंत्रात स्नॅपशॉटची सोय मात्र असायलाच हवी. काल संध्याकाळचे फोल्डर जसेच्या तसे परत आणून देणारी ही सोय काही स्वस्त मॉडेलमध्ये नसते, आणि विवरणपत्रांच्या शेवटच्या आठवड्यात तिच्यावाचून अडते.

डिस्क नॅससाठीच्या आणि सीएमआर पद्धतीच्या, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी लिहिणाऱ्या, घ्याव्यात. एसएमआर डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे बिघडलेली डिस्क बदलल्यावर रेड पुन्हा उभे राहायला फार वेळ लागू शकतो. वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते. तेव्हा खोक्यावरील नावावर न जाता मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या माहितीपत्रकात पडताळावा.

कार्यालयातील संगणक एकमेकांना जोडणारा जुना स्विच १०० एमबीपीएसचा असेल, तर नॅस कितीही चांगला असला तरी सेकंदाला ११-१२ एमबीच मिळतात; गिगाबिट स्विचवर हाच वेग ११० च्या आसपास जातो. यूपीएस यूएसबी केबलने नॅसला जोडावा, म्हणजे वीज गेल्यावर यंत्र स्वतःहून नीट बंद होते.

घरून काम करण्यासाठी राउटरचे पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर आणू नये, व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित, खासगी जोडणी) वापरावे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने क्यूनॅप या नॅस बनवणाऱ्या कंपनीची अशीच उघडी राहिलेली यंत्रे गाठली होती.

दुसऱ्या प्रतीसाठी दोन एक्स्टर्नल डिस्क घ्याव्यात, त्या एन्क्रिप्ट कराव्यात (म्हणजे पासवर्डशिवाय त्यांतील माहिती वाचता येणार नाही) आणि आठवड्याआड अदलाबदल करून एक कायम घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावी. दर तीन महिन्यांनी त्या डिस्कवरून एखाद्या अशिलाचे फोल्डर दुसऱ्याच संगणकावर उतरवून, त्यातील टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करून कंपनी उघडते का, हे स्वतः पाहावे.